आमचा माणूस आजारी पडला तर तुमच्या ताटाचं काय?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांना आम्ही रोजचं जेवण पुरवतो, तिथून एक प्रश्न नेहमी येतो: ताटामागे तुमचा दर थोडा जास्त का? भाजी-धान्य तर सगळेच कळमन्याच्या बाजारातून आणतात. जास्तीचा पैसा आमच्या माणसांवर जातो. तो का, हे तुम्हाला कळावं म्हणून हा कागद.

चार वर्षांपूर्वी वड्यांसाठी उकडलेले बटाटे कुस्करणाऱ्या एका पोराच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली दिसली. सोडून पाहिली तर जखम पिकून पिवळी झालेली. तीन दिवस तो तसाच काम करत होता. विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर खाडा पडला असता ना जी."

त्या उत्तराने आम्ही खजील झालो. पिकलेल्या जखमेत बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू असतात. ते अन्नात वाढले की विष तयार करतात, आणि अन्न पुन्हा उकळलं तरी जंतू मरतात, विष राहतं. त्या आठवड्यात कोणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते, टायफॉईडची लसही देतात. ते आम्ही करतोच. पण जानेवारीतल्या सर्टिफिकेटवरून जुलैतल्या मंगळवारी पहाटे लागलेले जुलाब कसे कळणार? ते ज्याचे त्यानेच सांगावे लागतात, आणि रोजी बुडणार असेल तर घरी लेकरं असलेला माणूस तोंड उघडत नाही.

म्हणून आमच्याकडे जुलाब, उलटी, ताप, कावीळ किंवा पिकलेली जखम सांगितली की त्या दिवसापासून पगारी सुट्टी. ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, आजारपणात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, पण पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात, आणि पोटाचं दुखणं बरेचदा तेवढंच असतं. ते दोन दिवस आम्ही पूर्ण रोजीने भरून देतो. जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्याला अन्नाला हात लावू देत नाही. बरं वाटलं तरी जंतू पोटातून जातच असतात.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेरच पारा ४५ च्या घरात, भट्टीपाशी त्याहून वर. घामाने निथळणारा माणूस तोंड पुसतो आणि त्याच हाताने पोळी उचलतो. त्याला नुसतं रागावून भागत नाही. त्यामुळे भट्टीवरचा माणूस दर पाऊण तासाने बदलतो, ताक आणि लिंबू-मिठाचं पाणी जवळ ठेवतो. हात धुवायचं बेसिनही भट्टीपासून चार पावलांवर आणलं. आधी ते मागच्या दाराबाहेर होतं, तेव्हा साबणाची वडी आठवडाभर पुरायची. आता दोन दिवसांत संपते.

तपासणीची फाइल आणि लसीच्या नोंदी मागा, दाखवू. आमचा १४ अंकी परवाना क्रमांक प्रत्येक बिलावर आहे. सकाळी साडेनऊला, पोळ्यांची घाई असते तेव्हा, न सांगता या. तुमच्याकडून एवढंच करा: भात आला की गरम असतानाच वाढा, उरलेला संध्याकाळच्या पाळीसाठी झाकून ठेवू नका.

एखाद्या दिवशी दोघं-तिघं सुट्टीवर गेले तर पोळ्या कमी आणि भात जास्त येईल. दहाच्या आत फोन करून सांगू. त्या दिवशी तेवढं सांभाळून घ्या.