तेल काढणं वेगळं, तेल गाळणं वेगळं

"कोयलीला एवढी मोठी रिफायनरी, मग पेट्रोल स्वस्त का नाही?" भाव वाढले की बडोद्यात दांडिया बाजारपासून कारेलीबागेपर्यंत हा प्रश्न ऐकू येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "आपण पेट्रोल-डिझेल परदेशी विकतो, म्हणजे तेलात स्वयंपूर्णच की!" दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. विहिरीतून तेल काढणं आणि रिफायनरीत ते गाळणं ही एकच गोष्ट समजली जाते.

बडोद्याजवळच्या कोयलीची ही रिफायनरी बडोदेकरांना ठाऊकच आहे, तेव्हा थोडक्यात. सोव्हिएत मदतीने १९६५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा क्षमता वर्षाला २० लाख टन होती. पुढे ती १३७ लाख टनांवर गेली.

घोटाळ्याला कारणही आहे. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, आणि कोयली उभी राहिली ती गुजरातचंच तेल गाळायला. ते दिवस गेले. आज गुजरातच्या जमिनीवरच्या सगळ्या विहिरी मिळून वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास तेल देतात, म्हणजे कोयलीच्या गरजेच्या निम्मंही नाही. आयात तेलाचं जहाज कच्छच्या आखातातल्या वाडिनारला भर समुद्रातल्या तरंगत्या बोयाला लागतं. तिथून पाइपलाइनने विरमगाम आणि विरमगामहून कोयली. गिरणी दारात आहे, पण गहू बाहेरगावचा.

आता खरी अडण्याची जागा: निर्यात. २०२३-२४ मध्ये देशाची गाळण्याची क्षमता होती सुमारे २५.७ कोटी टन, वापर सुमारे २३.४ कोटी टन आणि देशात निघालेलं कच्चं तेल जेमतेम २.९ कोटी टन. तेलासाठी देश ८७-८८ टक्के परदेशावर अवलंबून आहे, असं सांगितलं जातं. लोक आयातीतून निर्यात वजा करतात आणि म्हणतात, "परावलंबन ८७-८८ टक्के कसलं, निर्यात धरली तर बरंच कमी निघेल." तसं होत नाही, कारण ती टक्केवारी मुळात आयातीवर काढलेलीच नसते. ती काढतात देशातल्या वापरावर: आपण जे जाळतो, त्यातलं किती घरच्या तेलातून आलं? २.९ भागिले २३.४ करून पाहा, साडेबारा टक्क्यांच्या आत उत्तर येतं; उरलेलं ते परावलंबन. आणून, गाळून, परत विकलेलं तेल या हिशोबात शिरतच नाही. उद्या निर्यात दुप्पट झाली काय किंवा बंद पडली काय, हा आकडा हलणार नाही. निर्यातीतून मिळते ती गाळणावळ. तिला स्वयंपूर्णता म्हणू नये.

मग रिफायनरीने सुरक्षितता येते का? येते, पण वेगळ्या जातीची: कोणाचं तेल घ्यायचं याची मोकळीक. अंकलेश्वरचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं. आखातातल्या बऱ्याच तेलांत गंधक जास्त असतं. त्याने पाइप आणि भट्ट्या गंजतात, आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागच चालतं, म्हणून हायड्रोजन देऊन ते काढावं लागतं. जड तेलाचा तळाला राहणारा गाळ फोडायला कोकर नावाचं युनिट लागतं. अशी युनिटं देशात होती, म्हणूनच २०२२ च्या आधी आयातीत नगण्य असलेलं रशियन तेल पुढे एक तृतीयांशावर जाऊ शकलं. विक्रेता बदलता आला. विकत घेणं सुटलं नाही.

भावाचंही तेच. अंकलेश्वरचं तेलसुद्धा आंतरराष्ट्रीय दराच्या हिशोबानेच विकलं जातं, त्यामुळे विहीर जवळ असूनही पंपावर सूट मिळत नाही.

सिलिंडरची गोष्ट तर आणखी वेगळी. कच्च्या तेलातून एलपीजी, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, थोड्या प्रमाणातच निघतो. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखातातून येतो. आखातातून बाहेर पडायची वाट, होर्मुझची सामुद्रधुनी, अडली तर कोयली चालू असूनही सिलिंडरची ओढाताण होईल.

आणि कोयलीच्या त्या मोठ्या गोल टाक्यांना देशाचा राखीव साठा समजू नये. तो रोजच्या कामाचा माल आहे. आणीबाणीचा सरकारी साठा विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरच्या खडकातल्या गुहांत ठेवतात. तिन्ही काठोकाठ भरल्या तर ५३.३ लाख टन, म्हणजे सरकारी हिशोबाने साडेनऊ दिवसांची गरज.