असंसर्गजन्य आजार आणि ग्रामीण विदर्भातील आरोग्य केंद्रांची सज्जता

उच्च रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, कर्करोग असे एकापासून दुसऱ्याला न होणारे, पण वर्षानुवर्षे सांभाळावे लागणारे आजार गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात ओळखण्याची आणि त्यांवर सलग उपचार देण्याची क्षमता म्हणजे केंद्राची सज्जता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ही सज्जता मोजताना प्रशिक्षित कर्मचारी, उपचाराची मार्गदर्शिका, बीपीचे यंत्र, वजनकाटा, शुगर तपासणी आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारखी औषधे पाहणीच्या दिवशी केंद्रात आहेत का, हे बघतात.

ही पाहणी एका दिवसाची असते. बीपीच्या रुग्णाला मात्र महिन्याच्या महिन्याला गोळ्या लागतात, आणि केंद्राची खरी परीक्षा तिथे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेल्या बाईला ‘गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले, तर ती पुन्हा येईलच असे नाही. गोळी सुटली तरी काही दुखत-खुपत नाही. लकवा मारतो तेव्हाच घरच्यांना कळते. गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले होते.

या आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात आणि तपासणी उपकेंद्रात होते. नियमाप्रमाणे 5,000 लोकसंख्येला, आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 ला एक उपकेंद्र असते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते. सर्वांना एकच ठरलेली औषधयोजना, प्रत्येकाचे कार्ड, तारीख चुकवणाऱ्याचा पाठपुरावा आणि घराजवळ गोळ्या, अशी त्याची रीत. यात महागडे यंत्र कोणतेच नाही, म्हणून ती प्रत्येक तालुक्याला जमण्यासारखी आहे.

कर्करोगाच्या बाबतीत केंद्रे फार मागे आहेत. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा बॅटरीच्या उजेडातही दिसतो, पण तोंड उघडून बघणारे कोणीतरी हवे. त्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पुढे मोठ्या शहराची वाट धरावी लागते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनाही जन्मभर औषध लागते, त्यामुळे त्यांचा विचार याच सज्जतेत व्हायला हवा.

उन्हाळ्याचा हिशेब पाहणीच्या तक्त्यात सहसा नसतो. ग्लुकोमीटरच्या, म्हणजे शुगर मोजण्याच्या यंत्राच्या पट्ट्या साधारण 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत लागते. ज्या घरात फ्रिज नाही, तिथे चालू बाटली पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून गार मडक्यात कशी ठेवायची, हे बाटली हातात देतानाच दाखवावे लागते.