मिशिगनच्या टाऊनशिपमध्ये घर घेतलंत? पीआरईचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

डेट्रॉइट आणि ॲन आर्बरच्या नोकऱ्यांमुळे आपली काही मंडळी शहराबाहेर टाऊनशिपमध्ये, म्हणजे काउंटीतल्या छोट्या स्थानिक प्रशासनाच्या भागात, एक-दोन एकरांवर घर घेतात. खरेदी झाली, काउंटीच्या दप्तरी नोंद झाली की काम आटोपलं असं समजतात. मग मालमत्ता कराचं बिल येतं आणि शाळेचा कर पूर्ण लागलेला असतो. राहत्या घराची सवलत, म्हणजे प्रिन्सिपल रेसिडेन्स एक्झेम्प्शन किंवा पीआरई, आपोआप लागत नाही. फॉर्म २३६८ भरून टाऊनशिपच्या असेसरकडे (कर आकारणी अधिकाऱ्याकडे) तुम्हालाच द्यावा लागतो. त्यातून शाळांच्या चालू खर्चासाठीचा १८ मिलपर्यंतचा कर (मिल म्हणजे हजार डॉलरला एक डॉलर) माफ होतो. टॅक्सेबल व्हॅल्यू, म्हणजे घराच्या ज्या किमतीवर कर लागतो ती, १,५०,००० डॉलर असेल तर हे वर्षाला २,७०० डॉलरपर्यंत जातं. खरेदीची कागदपत्रं करणाऱ्या टायटल कंपनीने फॉर्मवर सही घेतली म्हणजे तो पोचलाच, असं धरू नका. असेसरकडे फोन करून विचारा.

पात्रता साधी आहे: घर तुमच्या मालकीचं, तुमचं कायमचं राहणं तिथेच, आणि अशीच सवलत दुसऱ्या राज्यात घेतलेली नसावी. जोडीदार नोकरीसाठी टेक्ससला राहून तिथे होमस्टेड (राहत्या घराची तिथली सवलत) घेत असेल, तर अर्ज बहुधा इथेच अडतो.

सर्वात जास्त घोळ होतो तो हद्दीचा. टाऊनशिप साधारण ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात एकेक मैलाचे ३६ सेक्शन. टपालखात्याला या रेघांशी देणंघेणं नाही. तुमच्या पत्त्यात डेक्स्टर लिहिलेलं असलं तरी घर लिमा टाऊनशिपमध्ये असू शकतं. डेक्स्टर शहर तर डेक्स्टर टाऊनशिपच्या हद्दीतही नाही! म्हणून पत्त्यावर जाऊ नका. विकणाऱ्याचं जुनं टॅक्स बिल मागून घ्या. टाऊनशिपचं नाव आणि पार्सल नंबर (मालमत्तेचा क्रमांक) त्यावर असतो, तोच फॉर्मवर जसाच्या तसा उतरवा.

लागून असलेली मोकळी जमीन निवासी वर्गात मोडत असेल तर तिलाही सवलत मिळते. मधून रस्ता गेला म्हणून सलगता तुटत नाही, टाऊनशिपची हद्द गेली म्हणूनही नाही. पण जमीन दुसऱ्या टाऊनशिपमध्ये असेल तर तिथल्या असेसरकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि हे बहुतेक कोणी सांगत नाही.

पुरावा मागितला की ड्रायव्हर लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता निघतो. मग राहण्याचा दावा कोण मान्य करणार? लायसन्सचा पत्ता आधी बदला. वीजबिल, बँक स्टेटमेंट, गाडीचा विमा नव्या पत्त्यावर आणा.

तारखा दोन: उन्हाळी बिलासाठी १ जून, हिवाळीसाठी १ नोव्हेंबर. लोक फक्त खरेदीची तारीख बघतात. मालकी, प्रत्यक्ष राहणं आणि अर्ज, तिन्ही त्या तारखेपर्यंत हवं. मे महिन्यात खरेदी करून जुलैत राहायला गेलात तर उन्हाळी सवलत गेली. छोट्या टाऊनशिपचं कार्यालय रोज उघडं असेलच असं नाही. असेसर अनेकदा अर्धवेळ असतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी दार वाजवून उपयोग होत नाही. अर्ज देताना प्रतीवर पोच घ्या.

पात्र असून तारीख हुकली तर जुलै किंवा डिसेंबरच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे (कर आकारणीच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्थानिक मंडळाकडे) दाद मागता येते. चालू वर्षासह मागच्या तीन वर्षांसाठीही. असेसरने सवलत नाकारल्याचं पत्र आलं तर टॅक्स ट्रिब्युनलकडे (राज्याच्या कर न्यायाधिकरणाकडे) जायला ३५ दिवस असतात. तेवढ्यात नुसती तक्रारीची ईमेल पाठवत बसू नका, त्याने मुदत थांबत नाही.

मालकी बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २७६६, खरेदीपासून ४५ दिवसांत याच असेसरकडे द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला ५ डॉलर, कमाल २०० डॉलर दंड. आणि पुढच्या वर्षी टॅक्सेबल व्हॅल्यूच्या वार्षिक वाढीवरची मर्यादा उठते, त्यामुळे पीआरई असूनही विकणाऱ्यापेक्षा तुमचं बिल बरंच जास्त येऊ शकतं. बजेट त्याच्या बिलावर बांधू नका.

घर विकलंत किंवा तिथे राहणं सोडलंत तर फॉर्म २६०२ भरून सवलत ९० दिवसांत काढून टाका. नाहीतर इथेही दिवसाला ५ डॉलर, २०० पर्यंत.