उशीखालच्या गोळ्या

माझ्या मावसबहिणीचं सिझर झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या सोबतीला दवाखान्यात होते. चादर सारखी करताना उशीखाली चार गोळ्या सापडल्या. सिस्टर गोळी देऊन जायच्या, ही "घेते" म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की उशीखाली सारायची. कूस बदलताना ओठ चावायची, खोकला आला की डोळ्यांत पाणी यायचं. का घेत नाहीस विचारलं, तर म्हणाली, "ताई, मी खाल्लेलं सगळं दुधातून त्याच्या पोटात जातं ना? सोसते मी दोन-चार दिवस." शेजारी बसलेल्या मावशीनं समाधानानं मान डोलावली.

हे सोसणं मायेपोटीच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्याचा बाळाला फायदा होत होता का? मला तर उलटंच दिसत होतं. दुखतंय म्हणून ती बाळाला पाजायला घ्यायचंच टाळत होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, तर गोव्यात ३९.५ टक्के आहे. म्हणजे महाराष्ट्रात दर चार बाळंतिणींपैकी एक पोटावरच्या टाक्यांसह बाळाला छातीशी धरते. इतक्या जणींचा प्रश्न "सोस गं" या दोन शब्दांवर सोडून देणं मला पटत नाही.

आधी दुखतं कुठे ते पाहू. बाहेरून दिसते ती ओटीपोटावरची एक आडवी रेघ. आत मात्र त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, पोटाच्या पोकळीचं अस्तर आणि गर्भाशयाची भिंत इतके थर उघडलेले आणि पुन्हा जोडलेले असतात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. तरीही उठताना, हसताना, शिंकताना ताण येतो तो नेमका तिथेच. ही झाली जखमेची वेदना, बोट ठेवून दाखवता येईल अशी. दुसरी वेदना गर्भाशयाची. ती कळांसारखी येते आणि ओसरते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला जास्त जोरात येते. तिसरी वाऱ्याची. शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ सुस्तावतात, पोट फुगतं, कधीकधी तर खांदा दुखायला लागतो. खांद्याचा पोटाशी काय संबंध असं वाटेल, पण श्वासपटलाकडून (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याकडून) आणि खांद्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे श्वासपटल चिडलं तरी मेंदूला खांदा दुखतोय असं वाटतं.

यातली गर्भाशयाची कळ आणि अंगावर पाजणं यांचं नातं समजून घेण्यासारखं आहे. बाळ चोखू लागलं की स्तनाग्रातल्या नसा मेंदूला निरोप देतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं. ते दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या चिमुकल्या स्नायुपेशींना आवळतं आणि दूध पुढे ढकललं जातं. आपल्याकडे यालाच पान्हा फुटणं म्हणतात. तेच ऑक्सिटोसिन रक्तातून गर्भाशयातही पोहोचतं आणि त्यालाही आवळतं. म्हणून बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते. ती येणं चांगलंच, कारण गर्भाशय आकसलं की रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण ताज्या टाक्यांवर अशी कळ दिवसातून आठ-दहा वेळा येणार असेल, तर बाई पाजायला बिचकेल, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. तीव्र वेदना आणि भीतीत शरीर ॲड्रेनालिन सोडतं आणि त्यानं पान्ह्याला अटकाव होतो. स्तनात दूध आहे, पण ते उतरत नाही. सिझेरियननंतर दूध भरून यायला तसाही थोडा उशीर होऊ शकतो, त्यात ही भर. १९९६ मध्ये जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात सिझेरियननंतर काही स्त्रियांना पाठीतल्या बारीक नळीतून बधिरतेचं औषध सतत देत राहिले. ज्यांची वेदना अशी नीट आटोक्यात होती, त्यांच्या बाळांना आईचं दूध जास्त मिळालं आणि त्यांचं वजनही अधिक वाढलं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला बांधू नये. पण वेदना सोसणं बाळाच्या हिताचं आहे, या समजुतीला तो अजिबात आधार देत नाही.

आता बहिणीच्या मूळ भीतीकडे येऊ. औषध दुधात जातं का? जातं. पण किती, हा खरा प्रश्न. आईच्या रक्तातलं औषध दुधात उतरायला त्याला स्तनातल्या पेशींची भिंत ओलांडावी लागते. जे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतं, त्याला ही भिंत सहज ओलांडता येत नाही. आयबुप्रोफेन या नेहमीच्या वेदनाशामकाचा ९९ टक्के भाग असा अडकलेला असतो. शिवाय ते सौम्य आम्ल आहे आणि दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं. त्यामुळे आम्लधर्मी औषध रक्तातच राहणं पसंत करतं.

हिशेबच मांडू. आई दिवसातून चार वेळा ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेते, म्हणजे एकूण १६०० मिलिग्रॅम. मोजमापांत अशा आईच्या लिटरभर दुधात सरासरी १ मिलिग्रॅमसुद्धा औषध सापडलेलं नाही. ३ किलोचं, पोटभर पिणारं बाळ दिवसाला साधारण ४५० मिलिलिटर दूध पितं. म्हणजे त्याच्या वाट्याला अर्धा मिलिग्रॅमही येत नाही. पॅरासिटामॉल यापेक्षा थोडं जास्त उतरतं. एक मोठी गोळी घेतल्यावर दुधातली पातळी चढून चढून लिटरला १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास जाते आणि मग उतरते. ती दिवसभर तिथेच टिकली असं मुद्दाम वाईटात वाईट धरलं, तरी बाळाला दिवसभरात ७ मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळेल. तेवढ्याच वजनाच्या बाळाला डॉक्टर तापासाठी एका वेळी ३० ते ४५ मिलिग्रॅम देतात. एका डोसाचा पाव हिस्साही भरत नाही.

आणि हे ४५० मिलिलिटरचं गणित काही दिवसांनंतरचं. पहिल्या २४ तासांत चिकाचं दूध येतं ते सगळं मिळून साधारण ३०-४० मिलिलिटर. या दिवसांत स्तनातल्या पेशींमधल्या फटी अजून बुजलेल्या नसतात, त्यामुळे औषध दुधात जरा सहज शिरतं हे खरं. बाळाच्या रक्षणासाठीची आईची प्रथिनं ज्या वाटेनं चिकात येतात, त्यातलीच ही एक वाट. पण दूधच इतकं थोडं असतं, की बाळापर्यंत पोहोचणारं औषध नगण्य राहतं. वेदना सर्वांत जास्त असते तीही नेमकी याच दोन-तीन दिवसांत.

म्हणून जगभरात सिझेरियननंतरच्या उपचारांचा पाया पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक या जोडीवर उभा आहे. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, त्यामुळे एकत्र दिल्यावर कुठल्याही एकीपेक्षा जास्त आराम पडतो. गर्भाशयाच्या कळांमागे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात आणि आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं नेमकी त्यांनाच अडवतात. मात्र मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, अशा गोळ्यांनी उसळणारा दमा किंवा जास्त रक्तस्राव झालेला असेल, तर ही औषधं टाळावी लागतात. ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी. ॲस्पिरिन वेदनेसाठी या काळात घेऊ नये.

पाठीतून भूल देताना बऱ्याच ठिकाणी त्याच इंजेक्शनमध्ये १००-१५० मायक्रोग्रॅम मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं तीव्र वेदनाशामक, घालतात. नाव ऐकून घाबरायला होतं. पण ही मात्रा शिरेतून द्यायच्या मात्रेच्या तुलनेत इतकी किरकोळ असते, की दुधाची काळजी करण्याचं कारण उरत नाही. मज्जारज्जूच्या अगदी शेजारी दिल्यामुळे तेवढंच औषध १२ ते २४ तास पुरतं. अंगाला खाज सुटू शकते, मळमळू शकतं. त्यासाठी लागणारं विशिष्ट मॉर्फिन आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही, तेव्हा आपल्याला काय दिलं जाणार आहे, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावं. त्यात आगाऊपणा काही नाही.

आता ज्या औषधांबाबत खरोखर सावध राहायचं, त्यांच्याविषयी. कोडीन हे मॉर्फिनच्याच कुळातलं वेदनाशामक. ते स्वतः फारसं काम करत नाही. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं मॉर्फिन बनवतं, तेव्हा वेदना थांबते. हे विकर कुणात मंद असतं, कुणात अतिशय जलद. २००५ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत १३ दिवसांचं एक बाळ दगावलं. आई टाक्यांच्या दुखण्यासाठी कोडीन असलेल्या गोळ्या घेत होती आणि तपासणीत ती अतिजलद गटातली निघाली. २००६ मध्ये हे प्रकरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि साऱ्या जगाचे नियम बदलले. युरोपनं स्तनदा मातांना कोडीन देऊ नये असं ठरवलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, कोडीनबरोबर ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाबाबतही तोच इशारा दिला, कारण त्याचंही तेच विकर अधिक तीव्र रसायन बनवतं. पुढे मात्र इतर तज्ज्ञांनी आकडे पुन्हा तपासले. बाळाच्या रक्तात सापडलेलं मॉर्फिन निव्वळ दुधातून येणं कसं शक्य आहे, असा रास्त प्रश्न त्यांनी उभा केला. २०२० मध्ये कॅनडातल्या दोन वैद्यकीय नियतकालिकांनी या प्रकरणावर आधारलेले आपले लेख मागे घेतले. विज्ञान असं अडखळत, स्वतःला दुरुस्त करत चालतं, आणि त्याची किंमत बाळंतिणींनी भीतीच्या रूपात मोजलेली असते.

मग ट्रामाडॉलचं काय करायचं? आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर ते सर्रास लिहिलं जातं, अनेकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. माझं मत असं, की आधी साध्या जोडीचा पूर्ण, वेळेवर डोस मिळतोय का ते बघावं आणि त्यानं भागलं नाही तरच, डॉक्टरांशी बोलून, कमीत कमी दिवस हे घ्यावं. घेतलं तर बाळावर नजर हवी. नेहमीपेक्षा जास्त गुंगलेलं वाटतं का, पाजायला उठवलं तरी उठत नाही का, चोखणं कमी झालंय का, अंग ढिलं पडलंय का, श्वास संथ आहे का. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

एकत्र गोळ्यांचा आणखी एक धोका लक्षात येत नाही. दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल असतंच, वर कणकण वाटली म्हणून घरातली तापाची गोळी घेतली, की तेच औषध दुप्पट होतं. २४ तासांत एकूण ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, किरकोळ अंगाच्या बाईसाठी त्याहून कमी. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं कुणीतरी वाचलीच पाहिजेत. हे काम नवऱ्यानं अंगावर घ्यावं.

बहिणीला मी सर्वांत जास्त समजावलं ते वेळेबद्दल. "फारच दुखलं तर घेईन" हा हिशेब चुकतो. वेदना एकदा चढली की मज्जारज्जूतल्या पेशी अधिक संवेदनशील होतात, आणि मग तीच गोळी अपुरी पडते. पहिले काही दिवस गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, पाठीतल्या भुलीचा असर उतरायच्या आधीपासून. या साध्या गोळ्यांसाठी पाजणं पुढे-मागे करायची गरज नसते. उलट रात्रीच्या पाजण्याच्या वेळी गोळीचा असर चालू राहील असं बघावं.

गोळीखेरीजही बरंच करता येतं. बाळाला पोटावर आडवं घेऊ नये. काखेखाली उशी घेऊन बाळाचे पाय आपल्या पाठीकडे करावेत, किंवा कुशीवर निजून पाजावं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं बसायचं. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. लवकर चालायला लागलं की वारा सरतो. च्युइंगम चघळल्यानं आतडी लवकर जागी होतात, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे, आणि ऐकून हसणाऱ्या मावशीनंच दुसऱ्या दिवशी ते आणून दिलं. पोट बांधायची आपली जुनी रीत इथेही उपयोगी आहे. पट्ट्यामुळे हालचालीला आधार मिळतो आणि काही जणींना दुखणं कमी वाटतं. फक्त तो श्वास कोंडेल इतका आवळू नये.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत मात्र सोडायला हवी. पाणी कमी, त्यात डिंकाचे लाडू, म्हणजे बद्धकोष्ठ ठरलेलं. आणि ताज्या टाक्यांवर कुंथण्याइतकं वाईट दुखणं नाही.

दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं, टाक्यांभोवती लाली किंवा पू दिसला, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास यायला लागला, तर गोळी वाढवून भागत नाही, तपासून घ्यावं लागतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं याला तर एक तासही थांबू नये. बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की ओसरणारी डोकेदुखी पाठीतल्या सुईमुळे असू शकते, तिच्यावर वेगळा उपाय असतो. तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे चमकत असेल तर रक्तदाब लगेच मोजावा, बाळंतपणानंतरही तो चढू शकतो.

घरी गेल्यावर मावशीनं शेगडी काढलीच. कंबर शेकायला हरकत नव्हती. पण टाक्यांच्या वर-खालची त्वचा कित्येक महिने बधिर असते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. तिथे निखाऱ्याची धग लागली तरी बाईला कळत नाही, आणि कळतं तेव्हा फोड आलेला असतो. तेवढी जागा सोडून शेक, एवढं मी मावशीकडून कबूल करून घेतलं. गोळ्यांचं पाकीट तोवर उशीखालून पाण्याच्या तांब्याशेजारी आलं होतं.