कलासंस्थांचे ऑनलाइन प्रशिक्षण व जनवकिली (कोल्हापूर)

कलासंस्थांचे पदाधिकारी, विश्वस्त व कार्यकर्ते यांना संस्थेच्या कारभाराचे शिक्षण ऑनलाइन देणे आणि त्या तयारीच्या बळावर कलेसाठी निधी, जागा व अनुकूल नियम मिळावेत म्हणून शासनापुढे व समाजापुढे बाजू मांडणे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. गायन, अभिनय वा चित्रकलेचे ऑनलाइन वर्ग त्यात मोडत नाहीत.

‘जनवकिली’ हा शब्द स्वयंसेवी संस्थांच्या वापरातून आला. ‘पक्षसमर्थन’ हा पर्यायही आढळतो. बोलण्यात मात्र ‘पाठपुरावा’च चालतो. पाठपुरावा एखाद्या अर्जाचा असतो, जनवकिली नियम बदलून घेण्यासाठी असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘जनवकिली’ हाच शब्द योजला आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये कलेसाठी राष्ट्रीय निधी-संस्था स्थापन झाल्यावर या कार्याला बळ आले. तेथील ‘अमेरिकन्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था १९९६ मध्ये दोन संघटनांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली असून प्रशिक्षण व जनवकिली ही दोन्ही कामे ती एकत्र करते.

कोल्हापुरातील आरंभाविषयी एकवाक्यता नाही. गायन समाज देवल क्लब (स्थापना सामान्यतः १८८३ मानतात) हा रसिकांनी चालविलेल्या संघटित कलासंस्थेचा पहिला नमुना म्हणून काही जण आरंभ तेथे धरतात. दुसऱ्या मताने तो मूकपटांचे निर्माते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून धरावा. तिचे स्थापनावर्ष कोठे १९१७, तर कोठे १९१८ दिले जाते. तथापि या दोन्ही संस्था संस्थानी काळातल्या. अल्लादिया खाँ दरबार गायक होते; राजर्षी शाहू छत्रपतींनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. दरबाराची मर्जी हाच तेव्हा कलेचा मुख्य आधार होता; नियमांवर बोट ठेवून हक्क मागण्याचा प्रसंग क्वचितच येई. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कलेला आश्रय देणारा मायबाप उरला नाही. खरी जनवकिली येथून पुढे सुरू होते, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

राजाश्रयाची जागा कागदपत्रांनी घेतली. येथील बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (रूढ भाषेत ‘चेंज रिपोर्ट’) द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहून गेला, तर नोंदवहीत दिवंगत विश्वस्तांचीच नावे राहतात आणि संस्थेच्या वतीने सही कोणी करायची, हाच प्रश्न उभा राहतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील १२-अ व ८०-जी या (अनुक्रमे संस्थेच्या उत्पन्नावर व देणगीदाराला करसवलत देणाऱ्या) नोंदण्या १ एप्रिल २०२१ पासून नव्याने व ठरावीक मुदतीच्या झाल्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी त्याच तारखेपासून ‘सीएसआर-१’ हा नोंदणी अर्ज भरणे सक्तीचे झाले. हा निधी कोणत्या कामांवर खर्चता येतो ते सांगणाऱ्या कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचे जतन आहे, तसा ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धारही आहे. ही तरतूद कोल्हापूरला विशेष महत्त्वाची आहे.

जीएसटीबाबत दोन वेगळ्या सवलतींची गल्लत होते. नाटकाच्या वा मैफलीच्या तिकिटावर प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत कर नाही (२५० ची मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये वाढविली गेली). कलावंताच्या मानधनावरील दीड लाख रुपयांपर्यंतची सवलत मात्र लोककला व शास्त्रीय कलाप्रकारांपुरती आहे. म्हणजे शाहिराला ती मिळते. आधुनिक सामाजिक नाटकातील नटाबाबत नियमाचा शब्दशः अर्थ प्रतिकूल आहे. हा भेद अन्यायकारक आहे आणि जनवकिलीचा तो रास्त विषय ठरतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहे बंद पडली आणि झूम, गूगल मीट अंगवळणी पडले. पुण्या-मुंबईच्या सनदी लेखापालाला किंवा वकिलाला प्रवासखर्चाविना ऐकता येऊ लागले, हा हौशी संस्थांना झालेला मोठा लाभ. राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमी रात्री चालतात. त्यामुळे ध्वनिमुद्रित पाठ अधिक सोयीचे पडतात. मात्र पाठ ऐकून अर्ज भरता येतोच असे नाही. स्वतःच्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल समोर घेऊन केलेला सराव उपयोगी पडतो.

मागणीचा जोर अलीकडे दोन प्रसंगी दिसला. कोल्हापुरातील जुना जयप्रभा स्टुडिओ चित्रीकरणासाठीच राहावा म्हणून चित्रपट व्यावसायिकांनी २०२२ मध्ये आंदोलन केले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह (पूर्वीचे पॅलेस थिएटर) आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह मूळ रूपात पुन्हा उभे करावे, ही मागणी कलावंतांनी लावून धरली व शासनाने पुनर्बांधणी जाहीर केली. पुनर्बांधणीत ध्वनियोजना, रंगमंचाची खोली, भाडेदर यांविषयी म्हणणे मांडायचे, तर ते मोजमापांसह लेखी द्यावे लागते. वास्तुवारशाचे व प्रस्तावलेखनाचे शिक्षण येथे सर्वांत निकडीचे आहे.

जिल्ह्यातील शाहिरी पथके व सोंगी भजनी मंडळे बहुधा नोंदणीविना चालतात. निधीच्या योजना नोंदणी क्रमांकापासून सुरू होत असल्याने त्यांच्यासाठी पहिला पाठ संस्थेची घटना व नियमावली लिहिण्याचाच असावा लागतो.