शिट्टी थांबली की तेल थांबवा

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, अखंड, कुणी कुकर लावून विसरावं तशी. सवयीनं मी शेगडीकडे धावलो, तर शेगडी थंड आणि कुकर फडताळात. बाहेर डोकावलो. गुडघाभर बर्फात एक माणूस उभा होता. भिंतीतून आलेल्या पाइपला त्यानं जाड नळी जोडली होती आणि कान भिंतीकडे लावला होता. दोन-तीन मिनिटांनी शिट्टी थांबली. त्यानं त्याच क्षणी कळ सोडली, नळी गुंडाळली, दाराला पावती अडकवली आणि ट्रक पुढच्या घराकडे गेला.

कुकरची शिट्टी झाली की आपण गॅस बंद करतो. इथे उलटं आहे. शिट्टी थांबली की तेल बंद करायचं.

अमेरिकेत सुमारे ५० लाख घरं अजून तेल जाळून ऊब मिळवतात. त्यांतली बहुतेक ईशान्येकडच्या राज्यांत आहेत, आणि मेन राज्यात हे प्रमाण देशात सर्वांत जास्त. जिथे गॅसची पाइपलाइन पोचली नाही तिथे तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची, पोलादी टाकी असते. टाकीशेजारी बर्नर, आणि तो तापवतो बॉयलरमधलं पाणी किंवा फर्नेसमधली हवा. या तेलाला नंबर दोन म्हणतात. ते डिझेलचं सख्खं भावंड आहे, फक्त रंगानं लाल. रस्त्यावरच्या वाहनांसाठीचा कर याच्यावर नसतो, म्हणून कुणी ते ट्रकमध्ये घालून कर चुकवू नये यासाठी हा रंग मिसळतात. रेशनचं निळं रॉकेल आठवणाऱ्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

नव्या माणसाला पहिली भीती वाटते ती आगीची. हजार लिटर तेल पायाखाली ठेवून झोपायचं कसं? पण नंबर दोनचा भडका सहजी उडत नाही. किमान ३८ अंश सेल्सियस तापमान झाल्याशिवाय त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघू नये, असं मानकच आहे. तळघरातल्या थंड तेलाच्या थारोळ्यात काडी पडली तर बहुधा विझेल. (हा प्रयोग करायचा नाही.) ते जाळायचं तर बर्नरला त्याचा फवारा करावा लागतो. पंप दर चौरस इंचाला १०० पौंड किंवा त्याहून जास्त दाबानं तेल नॉझलच्या बारीक भोकातून ढकलतो, धुक्यासारखे थेंब होतात आणि हजारो व्होल्टची ठिणगी त्यांना पेटवते. पंपाच्या स्टोव्हमध्ये आपण आधी बर्नर तापवून रॉकेलची वाफ करायचो. इथे वाफेऐवजी धुकं, एवढाच फरक.

तेल भरताना खरा धोका आगीपेक्षा ओतण्याचा असतो. ट्रकचा पंप मिनिटाला ६० गॅलन आणि कधी त्याहून जास्त तेल देतो. ६० गॅलन म्हणजे २२७ लिटर. पंधरा लिटरची बादली दर चार सेकंदांना उपडी करावी, तो वेग. आणि हे करणारा माणूस घराबाहेर, टाकी घराच्या आत. टाकीवर काटा असतो, पण तो आत. त्याला दिसतात दोनच पाइप. जाडा असतो तो फिल पाइप, त्यातून तेल आत जातं. दुसरा बारीक, वर वळवलेला व्हेंट पाइप, त्यातून टाकीतली हवा बाहेर येते.

जेवढं तेल आत, तेवढी हवा बाहेर. या हिशेबावरच सगळी व्यवस्था उभी आहे. टाकीच्या माथ्यावर, व्हेंट जिथे जोडलेला असतो तिथे एक छोटी शिट्टी बसवलेली असते आणि तिची नळी काही इंच आत टाकीत लोंबत असते. बाहेर पडणारी हवा त्या नळीतून जाते आणि शिट्टी वाजते. तेल चढत चढत नळीच्या तोंडाला टेकलं की हवेची ती वाट बंद होते आणि आवाज तुटतो. टाकीत अजून थोडी जागा उरलेली असते, तेवढ्यात हात थांबवायचा. वीज नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही. इतक्या कमी खर्चात इतकं भरवशाचं यंत्र मी तरी क्वचितच पाहिलं आहे.

वर उरलेली जागाही वाया गेलेली नसते. ट्रकमधलं तेल उणे दहा अंशांचं असेल आणि तळघर पंधरा अंशांचं, तर ते २५ अंशांनी तापताना साधारण दोन टक्क्यांनी फुगतं. २५० गॅलनला पाच गॅलन. काठोकाठ भरलेल्या टाकीत या पाच गॅलनांनी जायचं कुठे?

चांगल्या तेलवाल्याचा नियम साधा असतो. नळी सुरू केल्यावर शिट्टी ऐकू आली नाही तर तेल द्यायचं नाही. कारण या शांततेचे अर्थ चार. टाकी आधीच भरलेली असेल. व्हेंट तुंबलेला असेल. शिट्टी बिघडलेली असेल. चौथा अर्थ सगळ्यांत वाईट: पाइपच्या दुसऱ्या टोकाला टाकीच नसेल. लोक गॅस किंवा हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) घेतात, टाकी काढून टाकतात, पण भिंतीतला फिल पाइप तसाच राहतो. मग एखाद्या दिवशी पत्ता चुकतो आणि शेकडो गॅलन तेल थेट तळघराच्या जमिनीवर. असं खरंच झालेलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून टाकी काढताना बाहेरचे पाइपही काढून भोक बुजवावंच लागतं. नुसतं झाकण घट्ट बसवून भागत नाही, ते कुणीही उघडू शकतं. जुनं घर घेतलं असेल तर बाहेरून एक फेरी मारा आणि भिंतीतून आलेला प्रत्येक पाइप आत कुठे जातो ते बघा. आमच्याकडे असा एक पाइप निघाला तो जुन्या विहिरीच्या पंपाचा होता, पण दिसायला हुबेहूब फिल पाइप.

व्हेंट तुंबण्याचं कारण ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कुंभारमाशी. तिला बोटभर रुंदीचं तोंड आणि आत काळोख मिळाला की ती मातीचं घर बांधून मोकळी होते. ऑक्टोबरात पहिलं तेल येण्याआधी व्हेंटची टोपी आणि जाळी बघायची ती यासाठी. तुंबलेल्या व्हेंटमुळे काय होतं, याचा हिशेब करून पाहा. टाकीच्या टोकाचा सपाट पत्रा ४४ इंच उंच आणि २७ इंच रुंद, कडा गोल धरूनही हजार चौरस इंच. आत दर चौरस इंचाला फक्त ५ पौंड दाब वाढला, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाचा सहावा हिस्सा, तरी त्या पत्र्यावर सव्वादोन टन जोर येतो. पत्रा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. ट्रकच्या पंपाला ५ पौंड म्हणजे काहीच नाही.

त्यामुळे ट्रक यायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी करायची कामं बहुतेक फावड्याची असतात. रस्त्यापासून फिल पाइपपर्यंत माणसाला नळी ओढत चालता येईल एवढी वाट मोकळी करायची आणि निसरड्या जागी वाळू किंवा मीठ टाकायचं. व्हेंटभोवतीचा बर्फ हातानं काढायचा, स्नोब्लोअरनं (बर्फ उडवायच्या यंत्रानं) नाही, पाइप वाकतो. वादळात बर्फ साचून बॉयलरचा धूर बाहेर टाकणारा भिंतीतला पाइप झाकला गेला असेल तर तोही त्याच फेरीत मोकळा करायचा. तिथे प्रश्न तेलाचा नसतो, कार्बन मोनॉक्साइडचा असतो. कुत्रा आत घ्यायचा. तो चावेल हे एक, पण तो भुंकत राहिला तर शिट्टी ऐकू येणार कशी? पानं उडवायचं यंत्र, अंगणातली गाणी, शेजारी चाललेला जनरेटर, सगळं दहा मिनिटं बंद. तेल भरणारा माणूस काम कानानं करतो, हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं.

तळघरातही एकदा उतरून यायला हवं. भरलेल्या टाकीतल्या तेलाचंच वजन सुमारे ८८० किलो होतं आणि ते चार लोखंडी पायांवर पेललेलं असतं. पाय गंजलेत का, टाकी एका बाजूला कलली आहे का, हे टॉर्च घेऊन बघायचं. टाकीच्या पोटाखालून, सर्वांत खालच्या रेषेवर कोरडा हात फिरवायचा. ओल लागली तर त्या दिवशी तेल भरूच नये. टाकी गंजते ती बहुधा आतून आणि तळाशी. अर्धवट रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प असतं, ते थंड पत्र्यावर जमतं आणि पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी जाऊन बसतं. तेल आणि पाणी भेटतात त्या पातळीवर जिवाणू वाढतात, तिथे आम्लं तयार होतात आणि पत्र्याला आतून खड्डे पडतात. बाहेरचा रंग मात्र वीस वर्षं नवा दिसतो. तेलातल्या गंधकानं यात भर पडायची. ते प्रमाण मॅसॅच्युसेट्सनं २०१८ पासून दहा लाखांत १५ भागांवर आणलं, न्यू यॉर्कनं त्याआधीच, २०१२ मध्ये.

तळाचा हा गाळ एरवी शांत पडून असतो. मिनिटाला पंधरा बादल्या कोसळायला लागल्या की तो उसळतो. त्या वेळी बर्नर चालू असेल तर गाळ फिल्टरकडे आणि तिथून नॉझलकडे जातो. आमच्या आजीच्या स्टोव्हशेजारी पत्र्याच्या पट्टीत बसवलेली पिन असायची, भोक तुंबलं की ती फिरवायची. नॉझलला अशी पिन नाही, तो बदलावाच लागतो, बहुधा रात्री अकरा वाजता आणि तंत्रज्ञाची दुप्पट फी भरून. म्हणून तेल येण्याआधी बर्नरचा लाल स्विच खाली करायचा, आणि टाकी तळाला गेलेली असेल तर भरल्यावरही दोनेक तास गाळ बसू द्यायचा. घर तेवढ्यात गोठत नाही.

पण ट्रक येणार कधी, हे ठरवतं कोण? न सांगता, नेमक्या वेळी तो येतो याचं मला सुरुवातीला फार अप्रूप वाटायचं. त्यामागे डिग्री-दिवस नावाचं साधं गणित आहे. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटपेक्षा जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-दिवस. घर ७० वर ठेवायचं तर मोजायला ६५ का? कारण माणसं, दिवे, स्वयंपाक आणि ऊन यांनी घर स्वतःच थोडं तापतं. सरासरी ३० अंश असली तर त्या दिवसाचे ३५ डिग्री-दिवस झाले. एका गॅलनमध्ये तुमचं घर किती डिग्री-दिवस काढतं, तो तुमचा के-फॅक्टर. तो ५ असेल तर त्या दिवशी सात गॅलन जळाले. असा सबंध जानेवारी गेला तर २१७ गॅलन. कंपनी तुमच्या तळघरात न डोकावता हे सगळं कार्यालयात बसून मोजते.

या सूत्राला बाहेरची थंडी कळते, घरातली माणसं कळत नाहीत. आई-बाबा भारतातून हिवाळ्यात येतात आणि थर्मोस्टॅट ६८ वरून ७४ वर जातो. बाहेरचं तापमान तेच, सूत्र म्हणतं २१७, आणि प्रत्यक्षात जळतात २५० च्या आसपास. टाकी एका रविवारी पहाटे कोरडी. याच्या उलट, आपण महिनाभर पुण्याला गेलो आणि थर्मोस्टॅट ५५ वर ठेवला तर जळतात जेमतेम १३५. ट्रकवाल्याच्या कागदावर मात्र २०० गॅलनची जागा लिहिलेली असते. तेव्हा कागद आणि टाकी यांच्यात उभी असते ती फक्त शिट्टी. ती बिघडलेली असेल आणि माणूस कागदावर विसंबला, तर उरलेलं तेल व्हेंटमधून अंगणात येतं किंवा टाकीच्या सांध्यातून तळघरात. घराच्या साध्या विम्यात ही गळती बहुधा धरलेली नसते. घरात माणसं वाढली, कमी झाली, लाकडाची शेगडी बसवली, तर कंपनीला एक फोन करायचा.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. टाकीचा तळ गोल असतो, त्यामुळे तेलाची उंची आठव्या भागावर आली की तेल आठव्या भागापेक्षा कमी उरलेलं असतं. माझ्या हिशेबानं सुमारे ८ टक्के, म्हणजे २२ गॅलन. त्यातला तळचा भाग गाळ. काटा पावच्या खाली जायच्या आत फोन केलेला बरा. तरीही तेल संपलंच तर पेट्रोल पंपावरून पिवळ्या डब्यात डिझेल आणून ओतता येतं, बर्नरला ते चालतं. पेट्रोल चुकूनही नाही. त्याची वाफ उणे चाळीस अंशांतही पेट घेऊ शकते.

टाकी घराबाहेर असणाऱ्यांची काळजी वेगळी. खोबरेल तेल डिसेंबरात थिजतं तसं नंबर दोनमधलं मेणही उणे दहा सेल्सियसच्या आसपास बाहेर पडायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. अशा घरांना कंपनी रॉकेल मिसळून देते, पण टाकी बाहेर आहे हे आधी सांगावं लागतं.

ट्रक गेल्यावर दाराची पावती खिशात घालायच्या आधी वाचा. सकाळी काटा पावावर होता, म्हणजे जागा होती २०० गॅलनच्या जवळपास. पावतीवर २६० लिहिलं असेल तर वरचे ६० गॅलन कुठेतरी गेलेत. आधी तळघरात उतरून वास घ्यायचा, हिशेबाचा फोन त्यानंतर.