कागदावरची अश्वशक्ती

१९६७ साली शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यायला निघालेल्या अमेरिकन गिऱ्हाइकापुढे इंजिनांचे जे पर्याय होते, त्यातले दोन शेजारीशेजारी ठेवले की गंमत कळते. दोन्ही इंजिनं ४२७ घनइंचांची, म्हणजे सात हजार सीसीची. (आपल्याकडची साधी हॅचबॅक बाराशे सीसीत भागवते.) एल-७१ ची ताकद छापली होती ४३५ अश्वशक्ती, एल-८८ ची ४३०. आणि हे पाच घोडे कमी असलेलं एल-८८ दुपटीहून महाग होतं: सुमारे ४३७ डॉलरच्या जागी ९४८ डॉलर. शिवाय ते घेतलं तर गाडीत रेडिओ नाही, हीटरही नाही. शहाणा माणूस एल-७१ घेऊन घरी जाई. कंपनीला नेमकं तेच हवं होतं. त्या वर्षी एल-८८ बसवलेल्या फक्त २० गाड्या तयार झाल्या.

प्रत्यक्षात एल-८८ ची ताकद पाचशेच्या बरीच वर होती. मग ४३० हा आकडा खोटा होता का? तसंही म्हणता येत नाही, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात चलाख भाग हाच वाटतो.

इंजिनाची ताकद म्हणजे एकच ठरलेला आकडा नसतो. टॉर्क, म्हणजे दांडा फिरवणारा पिळाचा जोर, आणि मिनिटाला होणारे फेरे यांच्या गुणाकारातून ती निघते. फेरे वाढतात तशी ताकद चढत जाते, एका शिखराला पोचते आणि मग उतरते. जाहिरातीत सहसा शिखरावरचा आकडा छापतात. पण शिखराच्या अलीकडचा एखादा बिंदू निवडून तिथली ताकद छापली, तर तीही खरीच असते. एल-७१ ची ४३५ अश्वशक्ती ५८०० फेऱ्यांना नोंदलेली होती, तर एल-८८ ची ४३० अश्वशक्ती ५२०० फेऱ्यांना. आता समजा, टॉर्क तेवढाच टिकवून हे इंजिन ६४०० फेऱ्यांपर्यंत गेलं, तर ४३० गुणिले ६४०० भागिले ५२००, म्हणजे जवळपास ५३०. शंभर घोडे कुठेही लपवलेले नाहीत, फक्त मोजणारा अर्ध्या वाटेवर थांबला.

असं इंजिन सरसकट गिऱ्हाइकाच्या हाती देणं धोक्याचंही होतं. एल-८८ मध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण साडेबारा पट दाबलं जाई. इतकं दाबलं की साधं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं, इंजिन ठोकू लागतं आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणून गाडीत सूचनाच चिकटवलेली असे: रिसर्च ऑक्टेन किमान १०३ हवं. भारतात २०२० मध्ये बीएस-६ मानक लागू झालं तेव्हा याच मापावर साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला ९५ लागे, यावरून अंदाज यावा. दुसरी भानगड कॅमशाफ्टची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याची. शर्यतीच्या कॅमवर आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप काही क्षण एकदमच उघडी राहतात. वेगात असताना बाहेर पळणारा धूर नव्या मिश्रणाला मागोमाग ओढून घेतो आणि सिलिंडर ठासून भरतो. सिग्नलला उभं असताना मात्र तोच धूर उलटा आत शिरतो, इंजिन अडखळतं, थरथरतं. असली गाडी घेऊन कुणी भाजी आणायला निघाला असता, तर दुसऱ्या दिवशी वॉरंटीचा कागद घेऊन डीलरच्या दारात उभा राहिला असता.

पण गुपचूप कारभाराचं हे एकच कारण नव्हतं. छापलेल्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले बरेच जण होते, आणि पहिले होते कंपनीचेच वरिष्ठ. अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने १९५७ मध्ये शर्यतींपासून दूर राहायचा ठराव केला होता. जनरल मोटर्सने तर जानेवारी १९६३ मध्ये शेव्हरोले, पाँटियाक अशा आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींचं काम थांबवायला लावलं. कॉर्व्हेट आणि सगळ्यात मोठ्या सेडान सोडून इतर गाड्यांना पुढे ४०० घनइंचांची मर्यादा आली. दर दहा पौंड वजनामागे एक अश्वशक्ती, असाही दंडक होता. हा दंडक पाळायला पाँटियाकने १९६७ च्या फायरबर्ड ४०० मध्ये काय केलं? कार्ब्युरेटरच्या दांडीवर पत्र्याचा एक छोटा तुकडा बसवला, म्हणजे थ्रॉटल पुरता उघडायचा नाही. आकडा ३२५ वर आला आणि साहेब खूश. तुकडा वाकवायला किती वेळ लागतो, हे गाडी घेणाऱ्या पोरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरे पाहणारे विमावाले. साठीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांवर, त्यातही चालवणारा तरुण असेल तर, जबर अधिभार लावायला सुरुवात केली होती. तिसऱ्या होत्या शर्यतींच्या संस्था. ड्रॅग रेसिंगमधले, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींतले, वर्ग गाडीचं वजन भागिले जाहिरातीतली अश्वशक्ती या हिशेबाने ठरत. आकडा जितका लहान, तितका सोपा वर्ग. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनावर ३३५ लिहिलेलं होतं. खरी ताकद चारशेच्या पुढे मानली जाते. फेब्रुवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या शर्यतीत हे इंजिन बसवलेली फोर्डची मस्टँग उतरली आणि सुपर स्टॉक गटात जिंकली. संस्थाही काही दुधखुळ्या नव्हत्या. छापील आकड्यावर विश्वास न ठेवता त्या स्वतःचा आकडा लावू लागल्या.

शेव्हरोलेने ४०० घनइंचांच्या कुंपणाला जी वाट शोधली, ती मात्र निव्वळ कारकुनी होती. टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या, ठरावीक रंगाची वाहनं अशा घाऊक मागण्यांसाठी ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’, म्हणजे कोपो, नावाचा अर्ज असे. तो माहितीपत्रकात नसे. डीलरला क्रमांक ठाऊक असला, तरच मागता येई. शेव्हरोलेच्या १९६९ च्या कॅमारो गाडीत ९५६१ क्रमांकाने लोखंडी ब्लॉकचं ४२७ इंजिन मिळे. डॉन येन्को हा पेनसिल्व्हेनियातला डीलर आधी आपल्याच गॅरेजमध्ये इंजिनं बदलत बसे, आता ती कारखान्यातूनच बसून येऊ लागली.

९५६० क्रमांक त्याहून अजब. झेडएल-१ हे इंजिन संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं होतं आणि लोखंडी भावंडापेक्षा सुमारे ४५ किलो हलकं. गाडीच्या नाकावरचं एवढं वजन गेलं की ती वळणही नीट घेते. शर्यतीत मान्यता मिळवायला किमान ५० गाड्या लागत. इलिनॉयमधल्या ला हार्प या चिमुकल्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने शेव्हरोलेच्या व्हिन्स पिगिन्सशी बोलून तेवढ्या मागवल्या. बिल आलं तेव्हा घोळ लक्षात आला: नुसत्या इंजिनाचेच ४,१०० डॉलरहून जास्त, आख्खी गाडी ७,२०० च्या आसपास. ला हार्पमध्ये कोण घेणार? बऱ्याच गाड्या परत गेल्या आणि इतर डीलरांना वाटल्या गेल्या. काहींचं तर ते अमोल इंजिन काढून साधं बसवलं. एकूण ६९ बनल्या. छापील ताकद इथेही ४३०.

१९७० मॉडेलसाठी जनरल मोटर्सने ४०० ची मर्यादा उठवली आणि शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीतलं ४५४ घनइंची एलएस-६ उजळ माथ्याने ४५० अश्वशक्ती लावून विकलं. पण तोवर शिसेविरहित पेट्रोलची चाहूल लागली होती. शिशाविना पेट्रोल जास्त दाब सोसत नाही, म्हणून १९७१ मध्ये इंजिनांतले दाब उतरवले गेले. १९७२ मॉडेलपासून मोजायची पद्धतच बदलली. आधी इंजिन एअर फिल्टर आणि गाडीच्या नेहमीच्या सायलेन्सरशिवाय, उघड्या चाचणीच्या टेबलावर मोजत. आता ते गाडीत असतं तसं सगळ्या लवाजम्यासकट मोजायचं ठरलं. १९७१ च्या कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाला दोन्ही आकडे मिळाले: जुन्या पद्धतीने ३३०, नव्या पद्धतीने २७५. इंजिन तेच.